थंड पाण्यातील मासेमारीसाठी तरंगता सूट : चार प्रकारांचे परीक्षण

थंड पाण्यात गळ टाकणाऱ्यांसाठी जो तरंगता पोशाख विकला जातो, त्याचे वर्णन बहुतेक वेळा उबेपासून सुरू होते आणि खिशांच्या संख्येवर येऊन थांबते. ऊब आणि खिसे दोन्ही हवेत, याबद्दल वाद नाही. पण असा पोशाख घेण्याचे खरे कारण या दोहोंत येत नाही. त्याची कसोटी दोन ठिकाणी लागते. पहिली, पाण्यात पडल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत. दुसरी, त्याआधी होडीत बसून, वाकून, मासा ओढून आणि आमिष लावून काढलेल्या अख्ख्या दिवसात; कारण जो सूट दुपारी गळ्यापासून पोटापर्यंत उघडा सोडला जातो, तो पाण्यात पडण्याच्या क्षणी असून नसल्यासारखाच. एकसंध सूट, जॅकेट आणि खांद्यावर पट्टे असलेली विजार असा दोन भागांचा सूट, नुसते तरंगते जॅकेट, आणि कोरडा सूट (म्हणजे आत पाणी शिरूच न देणारा) व त्यावर फुगणारे लाइफजॅकेट, हे चारही पर्याय मी होडीत वापरले आहेत आणि काठालगतच्या उथळ पाण्यात, सोबतीला माणूस उभा ठेवून, त्यांची परीक्षाही घेतली आहे. पुढची तुलना या दोन कसोट्यांवरच केलेली आहे.

थंड पाणी माणसाचे काय करते हे आधी स्पष्ट असले पाहिजे, कारण सगळे निकष त्यावरच उभे राहतात. सुमारे १५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यात अचानक पडलेल्या माणसाचा पहिला श्वास त्याच्या ताब्यात नसतो. त्वचा एकदम गार पडली की छाती आपोआप मोठा श्वास ओढते, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर आत पाणीच जाते. पट्टीचा पोहणाराही याला अपवाद नाही. पुढची एक-दोन मिनिटे श्वास भराभर चालतो, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतो, आणि ज्याचे हृदय मुळात कमजोर आहे त्याला सर्वांत मोठा धोका इथेच असतो. त्यानंतर हातापायांतले बळ ओसरू लागते. बोटे वळत नाहीत, बक्कल सापडले तरी दाबता येत नाही, दोर हातात असून धरता येत नाही. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे संशोधक गॉर्डन गीस्ब्रेख्त यांनी हा क्रम लक्षात राहावा म्हणून एक-दहा-एक असा मांडला आहे : श्वास सावरायला १ मिनिट, हातपाय उपयोगी पडतील अशी १० मिनिटे, आणि शरीराचे तापमान उतरून शुद्ध हरपेपर्यंत साधारण १ तास. हे आकडे अतिथंड पाण्याचे आहेत आणि माणसागणिक बदलतात, पण क्रम तोच राहतो. बहुतेकांना भीती वाटते ती शेवटच्या तासाची. प्रत्यक्षात ज्याच्या अंगावर तरंगण्याचे साधन नाही, त्याला तो तास बहुधा मिळतच नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिक बुडाली तेव्हा समुद्राचे पाणी उणे २ अंशांच्या आसपास होते. पाण्यात पडलेल्यांपैकी अनेकांच्या अंगावर लाइफबेल्ट होते. ते तरंगत राहिले आणि थंडीने गेले. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते, त्यामुळे नुसते तरंगते ठेवणारे साधन अर्धेच काम करते. तरंगता सूट ही दोन्ही कामे एकाच कपड्यात करू पाहतो : अस्तर आणि बाहेरचे कापड यांच्यामध्ये बसवलेला फोम माणसाला वर उचलतो आणि तोच फोम उष्णता धरून ठेवतो. कल्पना उत्तम आहे. मात्र दोन कामे एका कपड्यावर टाकली की दोन्हींत थोडी तडजोड होते, आणि ती नेमकी कुठे झाली आहे हे पाहणे म्हणजेच अशा सूटची निवड करणे.

पहिली तडजोड उचलून धरण्याच्या शक्तीत असते, आणि ती कपड्यावर शिवलेल्या चिठ्ठीवर न्यूटनमध्ये लिहिलेली असते. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ किलो वजन पेलणारे बल. युरोपातील ईएन आयएसओ १२४०२ या मानकाच्या पाचव्या भागात ५० न्यूटनची साधने येतात, चौथ्यात १०० ची, तिसऱ्यात १५० ची आणि दुसऱ्यात २७५ ची. बाजारातले बहुतेक तरंगते सूट ५० न्यूटनच्या गटात मोडतात. माणसाचे शरीर पाण्यात बरेचसे स्वतःच तरंगते, त्यामुळे शुद्धीवर असलेल्या माणसाचे डोके शांत पाण्यात वर ठेवायला ५० न्यूटन पुरतात. पण या गटातील साधन तरंगण्यास साहाय्य करणारे आहे, ते लाइफजॅकेट नव्हे. पडताना डोके कठड्यावर आपटून शुद्ध हरपली आणि माणूस पालथा पडला, तर त्याला उताणा करून तोंड पाण्याबाहेर आणण्याची हमी ते देत नाही. ही गोष्ट चिठ्ठीवर बारीक अक्षरांत असते आणि जाहिरातीत बहुधा नसतेच. माझ्या मते या संपूर्ण खरेदीत सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे.

ऊब किती टिकते याचे मानक वेगळे आहे. ईएन आयएसओ १५०२७ चा पहिला भाग दिवसभर अंगात वागवायच्या सूटांसाठी आणि दुसरा भाग जहाज सोडताना चढवायच्या सूटांसाठी आहे, आणि त्यात ए पासून डी पर्यंत चार वर्ग आहेत. ए सर्वांत उबदार, डी सर्वांत कमी. जहाजांवरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय सोलास नियमांत बचाव-नौकेवरील कर्मचाऱ्यांनी घालायच्या थंडीरोधक सूटला किमान ७० न्यूटनची उचल सांगितली आहे, आणि ५ अंशांच्या संथ फिरत्या पाण्यात पहिल्या अर्ध्या तासानंतर शरीराचे आतले तापमान ताशी दीड अंशापेक्षा जास्त उतरता कामा नये अशी अट आहे. अमेरिकी तटरक्षक दलाच्या जुन्या वर्गीकरणात तरंगती जॅकेटे तिसऱ्या प्रकारात आणि पूर्ण अंगाचे काम-सूट पाचव्या प्रकारात येतात. हे सगळे पाठ करण्याची गरज नाही. दुकानात फक्त दोन प्रश्नांची उत्तरे चिठ्ठीवर शोधावीत : तरंगण्याचे मानक कोणते, आणि थंडीचे मानक कोणते? यांपैकी एकच सापडले तर सूटचे दुसरे काम कुणी तपासलेले नाही असे धरून चालावे. दोन्ही सापडली नाहीत, तर समोर आहे तो एक जाड रेनकोट. बर्फावर बसून मासेमारी करणाऱ्यांसाठीच्या काही सूटांवर मोठ्या अक्षरांत तरंगण्याची ग्वाही असते आणि आतल्या चिठ्ठीवर हे प्रमाणित जीवनरक्षक साधन नव्हे असेही छापलेले असते. दोन्ही वाक्ये एकाच कपड्यावर वाचून मग काय ते ठरवावे.

कॅनडाची मस्टँग सर्व्हायव्हल, स्वीडनची फ्लाडेन, मुळात ब्रिटिश असलेली मुलियन अशी नावे या क्षेत्रात सतत समोर येतात. पण एकाच नावाखाली व्यावसायिक कामाचा सूट आणि हौशी गळवाल्यांचा हलका सूट असे दोन्ही विकले जातात, म्हणून नावापेक्षा त्या विशिष्ट कपड्याची चिठ्ठी महत्त्वाची.

आता एकसंध सूट. घोट्यापासून गळ्यापर्यंत एकच कपडा, पुढे एक लांब चेन, कमरेला पट्टा, मनगटांवर आणि घोट्यांवर वेल्क्रोच्या पट्ट्या. पाण्यातील वागणुकीचे बोलायचे तर वर सांगितलेल्या पहिल्या तीन प्रकारांत हा निर्विवाद सरस आहे, आणि त्याचे कारण फोमच्या जाडीत नसून पाण्याला आत शिरायला वाटा कमी असण्यात आहे. असा सूट कोरडा नसतो हे आधी समजून घ्यावे. पाणी मनगटातून, गळ्यातून, चेनच्या दातांमधून आत येतेच. पण ते हळूहळू आले आणि आल्यावर तिथेच अडकून राहिले, तर अंगाच्या उबेने थोडे तापते आणि थंडीचा पहिला घाव बोथट होतो. तेच पाणी प्रत्येक हालचालीगणिक बाहेर जाऊन नवे गार पाणी आत येत राहिले, तर फोम कितीही जाड असला तरी उपयोग नाही. उथळ पाण्यात हे स्वच्छ कळते. मनगटाच्या पट्ट्या सैल ठेवून हात डोक्यावर नेले आणि पुन्हा खाली आणले की बाहीतून गार पाण्याची धार कोपरापर्यंत आणि तिथून काखेत उतरते. पट्ट्या आवळून तेच केले की फक्त मनगटाभोवती गार कडे जाणवते. ज्या सूटला बाहीच्या आत निओप्रिनची (ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम रबराची) दुसरी, घट्ट मनगटपट्टी आहे, तो या एका गोष्टीसाठी घ्यावा असे मी म्हणेन. बाहेरच्या वेल्क्रोवर माशांचा चिकटा आणि वाळू बसली की त्याची पकड जाते, आतली पट्टी मात्र आपले काम करत राहते.

एकसंध सूटची पाण्यातली दुसरी खासियत पायांची आहे. पायांतही फोम असल्याने आणि विजारीत हवा कोंडल्याने पाय वर येतात आणि माणूस आपोआप पाठीवर आडवा होतो. श्वास सावरायच्या पहिल्या मिनिटाला ही अवस्था उत्तमच, कारण तेव्हा पोहायचे नसतेच, मागे रेलून तरंगायचे असते. पण त्यानंतर होडीच्या शिडीपर्यंत जाऊन पाय खाली घेणे चांगलेच कष्टाचे ठरते, आणि पोटावर वळून पोहायला गेले तर पाठीवरचा आणि पायांवरचा फोम शरीराला नको त्या बाजूला रेटतो. उपाय सोपा आहे : होडीत चढण्यापूर्वी सगळ्या पट्ट्या आवळून उकिडवे बसावे, गळ्याशी बोट घालून आतली हवा दाबून बाहेर काढावी आणि मग चेन पूर्ण वर घ्यावी. हलायचे ते पाठीवरच, हातांनी पाणी मागे लोटत. हे एकदा सुरक्षित ठिकाणी करून पाहिल्याशिवाय सूट घेतला असे मानू नये.

दुसऱ्या कसोटीवर, म्हणजे दिवसभराच्या वापरात, हाच सूट डगमगतो. लघवीला जायचे म्हणजे हलत्या होडीत अर्धा सूट उतरवायचा. स्त्रियांसाठी तर सगळाच. काही सूटांना खालून वर उघडणारी दुसरी चेन असते आणि तेवढ्याने पुरुषांची सोय होते, पण तीच चेन पाणी शिरण्याची आणखी एक जागाही बनते. ऊन चढले की कमरेपर्यंत सूट सोडून बाह्या कमरेला बांधून बसण्याचा मोह आवरत नाही. असा सोडलेला सूट घालून पाण्यात पडणे हे अजिबात न घालण्यापेक्षा वाईट ठरू शकते, कारण सगळी उचल पायांकडे आणि कमरेकडे राहते आणि छाती व डोके खाली जाते.

दोन भागांच्या सूटची बाजू इथेच वरचढ होते. जॅकेट काढून विजार ठेवता येते, दोन्ही वेगवेगळ्या मापांत घेता येतात, आणि उंच पण सडपातळ किंवा आखूड पण रुंद अशा अंगकाठीच्या माणसाला नीट बसणारा पोशाख बहुधा याच प्रकारात मिळतो. एकसंध सूटचे माप उंचीवर घ्यावे की घेरावर, हा प्रश्न अशा माणसाला कधीच सुटत नाही. दोन भागांच्या सूटमध्ये उणीव आहे ती कमरेशी. पाण्यात पडल्यावर फोमचे जॅकेट वर सरकते. ते इतके वर येऊ शकते की कॉलर कानांशी आणि चेनचे टोक नाकाशी येते, हात दोन्ही बाजूंना फेकले जातात आणि पाठीचा कमरेचा भाग उघडा पडतो. म्हणून जॅकेटला मांड्यांमधून घ्यायचा पट्टा असणे ही माझ्या लेखी अट आहे, सोय नव्हे. हा पट्टा बहुतेकांना गैरसोयीचा वाटतो आणि पाठीमागे घडी घालून वेल्क्रोने चिकटवून ठेवण्याची जागाही उत्पादकांनी करून दिलेली असते, त्यामुळे तो तिथेच राहतो. जो पट्टा पुढच्या बाजूला एका हाताने, हातमोजे घालून लावता येतो तो लावला जातो. ज्याचे बक्कल बोटभर आहे आणि पाठीमागून चाचपडत शोधावे लागते तो लावला जात नाही.

चिठ्ठीवरची आणखी एक बाब इथे पाहावी. काही दोन भागांच्या सूटांमध्ये प्रमाणपत्र दोन्ही मिळून दिलेले असते, काहींत फक्त जॅकेटला, आणि विजारीत फोम असूनही तिला स्वतंत्र प्रमाणपत्र नसते. फोमची विजार एकटी घालून, वर साधा स्वेटर चढवून होडीत बसणारे लोक दिसतात. वरती उचल नाही आणि खाली आहे, ही स्थिती कमरेपर्यंत सोडलेल्या एकसंध सूटसारखीच धोक्याची आहे. जॅकेट काढायचेच असेल तर त्या वेळेपुरते दुसरे लाइफजॅकेट अंगावर असले पाहिजे.

नुसत्या तरंगत्या जॅकेटबद्दल थोडक्यात सांगता येईल. धक्क्यावरून किंवा नदीकाठच्या घसरड्या खडकांवरून गळ टाकणाऱ्याला, जिथे मदत हाकेच्या अंतरावर आहे, ते पुरेसे आणि सोयीचे आहे. खुल्या होडीसाठी, पाणी १० अंशांच्या खाली असताना, मी ते एकटे सुचवणार नाही. पायांना संरक्षण नाही, आणि मांड्यांतले मोठे स्नायू गार पडले की शिडीवर पाय टाकण्याचे बळ लवकर जाते. पाण्यात उभे राहून मासेमारी करताना छातीपर्यंतच्या रबरी विजारीवर असे जॅकेट मात्र चांगले जमते. त्या विजारीत पाणी भरले की माणूस दगडासारखा खाली जातो, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती चूक आहे. पाण्यात असेपर्यंत आतल्या पाण्याला वजन जाणवत नाही, ते जाणवते बाहेर पडताना. कमरेचा पट्टा घट्ट बांधला तर आत जाणारे पाणीही कमी होते.

कोरडा सूट आणि त्यावर फुगणारे लाइफजॅकेट ही जोडी कागदावर सर्वांत चांगली आहे. मनगटाला आणि गळ्याला लॅटेक्सच्या किंवा निओप्रिनच्या सीलबंद कडा, पाणीबंद चेन, आत लोकरीचे किंवा फ्लीसचे कपडे, आणि वर १५० न्यूटनचे लाइफजॅकेट, जे बेशुद्ध माणसालाही उताणे करण्यासाठी बनवलेले असते. पण या साधनसामग्रीला शिस्तीची सवय असलेला माणूस लागतो. नुसत्या पातळ कापडाच्या कोरड्या सूटमध्ये स्वतःची ऊब जवळजवळ नसते. ती आतल्या कपड्यांतून येते आणि सील एकदा फाटले की ते कपडे भिजतात. गळाच्या टोकाने, माशाच्या काट्याने किंवा सुरीने पडलेले छिद्र इथे दोष ठरते, तर फोमच्या सूटमध्ये ते फक्त खुणेपुरते राहते, कारण त्या फोमच्या बंद कप्प्यांत पाणी शिरत नाही. मासेमारीत टोकदार वस्तू किती असतात ते पाहता हा फरक लहान नाही. फुगणाऱ्या लाइफजॅकेटमध्ये कार्बन डायऑक्साइडची नळकांडी असते, १५० न्यूटनसाठी सहसा ३३ ग्रॅमची. ती नीट पिळून बसलेली आहे का हे दर वेळी पाहावे लागते, आणि गोठणबिंदूच्या आसपास ती फुगायला जास्त वेळ घेते. जो माणूस होडी बांधून घरी आल्यावर सगळी सामग्री धुऊन, सील पुसून, नळकांडी तपासून ठेवतो, त्याने ही जोडी घ्यावी. इतरांसाठी फोम बरा.

फोमच्या सूटवर फुगणारे लाइफजॅकेट घालावे का, हा प्रश्न यातूनच निघतो. एकट्याने होडीत जाणाऱ्याला मी होय म्हणेन, पण विचारपूर्वक. पायांतला फोम माणसाला उताणे वळवण्याच्या क्रियेला विरोध करतो, म्हणूनच जाड आणि हवा कोंडणाऱ्या कपड्यांसाठी २७५ न्यूटनचा वर्ग ठेवलेला आहे. सूट आणि लाइफजॅकेट एकत्र तपासले आहेत का हे उत्पादकाच्या सूचनांत पाहावे. लाइफजॅकेट नेहमी सर्वांत बाहेर असावे. सूटच्या आत घातलेले फुगले तर ते बाहेर फुलायला जागा नसल्याने छातीच आवळते.

दुकानात अंगावर चढवून पाहताना आरशाचा फारसा उपयोग नाही. आतले जाड कपडे घालूनच जावे. सूट पूर्ण बंद करून खाली बसावे, गुडघ्यावर टेकावे, गळ फेकण्याची हालचाल करावी, आणि एक पाय गुडघ्याच्या वर उचलून खुर्चीवर ठेवावा, कारण शिडीची पायरी त्याच उंचीवर असते. बसताना गळ्याची कड हनुवटीत रुतत असेल तर ती चेन होडीत दोन वितींनी खाली राहणार हे नक्की समजावे. मग बरोबरच्या माणसाला दोन्ही खांद्यांवरचे कापड धरून सरळ वर ओढायला सांगावे. सूट कानांपर्यंत आला तर तो मोठा आहे, मग बाकी कितीही आरामशीर वाटो. मुलांच्या बाबतीत पुढच्या वर्षीही होईल म्हणून मोठा घेण्याची सवय इथे पूर्णपणे बाजूला ठेवावी. चिठ्ठीवर वजनाची मर्यादा दिलेली असते आणि तिच्या आतलाच सूट घ्यावा. शेवटी जाड ओले हातमोजे घालून चेन खाली-वर करून पाहावी. चेनच्या टोकाला बोटभर लांबीची दोरी किंवा पट्टी नसेल तर ती घरी बांधता येते, पण चेनच जर बारीक दातांची आणि अडकणारी असेल तर तिला उपाय नाही. प्लॅस्टिकच्या जाड दातांची चेन खाऱ्या पाण्यात धातूच्या चेनपेक्षा जास्त टिकते, असा माझा अनुभव आहे.

रंगाबाबत मी हट्टी आहे. नारिंगी किंवा चमकता पिवळा, आणि खांद्यांवर व टोपीवर परावर्तक पट्ट्या. लाटांमध्ये माणसाचे दिसते ते फक्त डोके आणि खांदे, त्यामुळे पाठीवर किंवा पोटऱ्यांवर लावलेल्या चकचकीत पट्ट्यांचा शोधणाऱ्याला फारसा उपयोग नाही. माशांना दिसू नये म्हणून घेतलेला काळा किंवा झाडपाल्याच्या नक्षीचा सूट शोधणाऱ्यांनाही दिसत नाही. टोपी सूटला जोडलेली असावी आणि गळ्याशी आवळता यावी. खिशांपैकी एक तरी छातीवर, हातमोज्यासकट हात जाईल एवढा असावा, कारण मांडीवरचा खिसा पाण्यात सापडत नाही. शिट्टी, पाणीबंद पिशवीतला फोन किंवा रेडिओ, आणि ४०६ मेगाहर्ट्झवर संकेत पाठवणारा वैयक्तिक बीकन या वस्तू त्याच खिशात किंवा दोरीने छातीशी बांधलेल्या असाव्यात. होडीच्या पेटीत ठेवलेला बीकन होडीबरोबर जातो. बर्फावर जाणाऱ्यांनी बर्फात रोवायचे हातखिळेही छातीशीच ठेवावेत.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट म्हणजे हवामान, आणि तेही थंडीचे नव्हे, वसंताचे. हवा १८-२० अंशांवर गेलेली असते, पाणी अजून ६-७ अंशांवरच असते. मासे खायला उठलेले असतात, लोक मोठ्या संख्येने होड्या काढतात, आणि फोमच्या सूटमध्ये तासाभरात घाम फुटतो. पोशाख पाण्याच्या तापमानानुसार निवडावा, हवेच्या नव्हे, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. पण घामाने निथळणारा माणूस नियम विचारत नाही, तो चेन उघडतो. म्हणूनच मी सर्वांत जाड सूटची शिफारस सरसकट करत नाही. काखेत उघडता येणारी, बाहेरून झाकलेली हवेची वाट, आतले अस्तर घाम न धरणारे, आणि आत जाड एकच स्वेटर न घालता दोन-तीन पातळ थर, एवढ्याने बराच फरक पडतो. ज्याची मासेमारी मुख्यतः वसंतात आणि शरदात होते त्याने दोन भागांचा, मध्यम जाडीचा, मांडीच्या पट्ट्याचा सूट घ्यावा आणि दोन्ही भाग अंगात ठेवावेत. जो कडाक्याच्या थंडीत उघड्या होडीतून समुद्रावर किंवा मोठ्या तलावावर जातो, त्याच्यासाठी आतल्या मनगटपट्टीचा एकसंध सूट, वर एकत्र चालणारे लाइफजॅकेट, आणि होडीला पाण्यातून हात पोहोचेल अशी शिडी. शिडी सूटचा भाग नाही हे मान्य. पण पाणी भरलेला सूट पाण्याबाहेर येताच इतका जड होतो की शिडीशिवाय कठड्यावरून वर येणे धडधाकट माणसालाही जमत नाही. वर येताना घोट्याच्या पट्ट्या सैल केल्या की पायांतले पाणी खालून निथळून जाते. दुसऱ्याला वर घेताना, तो बराच वेळ पाण्यात असेल तर, शक्यतो आडवा उचलावा. उभा खेचल्याने रक्तदाब एकदम कोसळण्याचा धोका असतो.

फोमचा सूट निगेच्या बाबतीत गरीब आहे, फार काही मागत नाही. गोड्या पाण्याने धुवावा, सावलीत रुंद हँगरवर वाळवावा. वॉशिंग मशीन, ड्रायर, इस्त्री आणि होडीतल्या स्टोव्हची जवळीक यांपासून दूर ठेवावा. ठिणगीने नायलॉन लगेच वितळते. त्यावर बसू नये, आणि जड सामानाखाली घडी करून वर्षभर ठेवू नये, कारण दबलेला फोम पूर्वीइतका फुगून येत नाही आणि तेवढी उचल कायमची जाते. ढुंगणाशी आणि गुडघ्यांशी हात दाबून पाहिला तर जुन्या सूटमधली अशी पातळ झालेली जागा बोटांना कळते. मोसमाच्या सुरुवातीला उथळ पाण्यात, सगळ्या पट्ट्या लावून, पाय सोडून मागे रेलून पाहावे. हनुवटी पाण्याच्या स्पष्टपणे वर राहत नसेल, शिवणी उसवल्या असतील, किंवा नारिंगी रंग उन्हाने विटून कापड नखाने सोलले जात असेल, तर तो सूट होडीत नेणे बंद करावे, आणि दुसऱ्या कुणाला देऊही नये.